नारळ घेणाऱ्याला शिक्षा

हॅलो?… हॅलो, ताय? मी महिपती, जोह्यातनं… अगो, मोठ्यानं नको बोलू! भावोजी जवळ हायत का?

बाहेरच्या खोलीत? सगळे आले?… म्हणजे मीटिंग सुरू झाली. तू सैपाकघरातच थांब. चहा ठेवलास ना? मग ठेव नि ऐक माझं.

भावोजी माझा फोन उचलत नायत गो. फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाल्यापासून मेव्हणा दिसतच नाय त्यांना. नाय, नाय, त्यांचं चुकलं असं मी कुठं म्हणतोय? मेव्हण्याच्याच टीमनं संघटनेला लाथ मारली, तर माणूस फोन कशाला उचलील?

व्हय, मारली लाथ. कबूल. पेणच्या कमळाकरनं वेगळी लीग काढली, चार क्लब फुटले, त्यात आमचा जोह्याचा एक. लीग सुरू व्हायच्या आधीच बसली. आता चौघं नाक घासत परत आलोय.

का फुटलो काय विचारतेस! तुझं माहेर कुठलं? संघटनेच्या मॅचा असतात श्रावणात. गणपती तोंडावर, जोह्यात मूर्तींच्या कारखान्या-कारखान्यात पोरांचे हात रंगात. मॅचला टीम जाणार कुठनं? दर साली समोरच्याला फुकटचे पॉइंट, नि आमचा नंबर खालनं पहिला. कमळाकर म्हणाला, आपली लीग गणपतीनंतर ठेवू. भुललो आम्ही.

छे गो, कमळाकरनं क्लबांना नारळ दिले त्या दिवशी मी पेणला गेलोच नव्हतो. आखणीला बसलेलो, मूर्तीचे डोळे काढत. एक डोळा झालेला. आपल्या दादांची शिस्त ठाऊक हाय ना तुला? एक डोळा काढला की दुसरा झाल्याबिगर उठायचं नाय, घर पेटलं तरी. म्हणून माझ्या जनूला धाडला. म्हटलं, कप्तान हायस, जा, क्लबचा नारळ घेऊन ये. आला घेऊन. खोबरं सगळ्यांनी खाल्लं… हसतेस काय? नारळ घेतला म्हणजे शब्द दिला, एवढं कळतं मला.

आता? आता पण आखणीच चाललीय. फोन खांद्यात धरलाय, हातात ब्रश. ते सोड. बाहेर काय बोलतायत? दाराशी जा जरा… अगो, कपबशा घेऊन जा, म्हणजे कोण काय म्हणणार नाय.

…

हां, बोल… काय? सगळ्या खेळाडूंवर दोन वर्षं बंदी? नि क्लबला दंड? कोण म्हणालं असं?

कमळाकर? तो आत बसलाय? कमिटीत परत घेतला त्याला?… वा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! फोडायला पुढे हाच, नि शिक्षा ठरवायला पण हाच!

अगो, त्याचं काय जातंय? त्याची पोरं भाड्याची. यांच्यावर बंदी आली की मुंबईहून दुसरी आणील. आम्ही कुठनं आणायची? शाडूची करायची?

ताय… ताय, ऐक ना. जनूची रविवारी निवड हाय, अलिबागला, जिल्ह्याच्या टीमसाठी. त्याचं हे शेवटचं साल, पुढल्या वर्षी वयात बसत नाय. दिवसभर माझ्याबरोबर रंगकाम करतो, पहाटे बांधावरनं धावतो. झोपताना बूट उशाशी घेतो गो… तुझ्या मांडीवर खेळलाय तो. मला काय पण होऊ दे, पण त्याचं एवढं एक तरी होऊ दे. मी पाया पडतो तुझ्या.

बायकांनी मीटिंगमध्ये बोलायचं नाय? मग चहा बायकांचा कसा चालतो त्यांना? बिस्किटं ने. बिस्किटं ठेवता ठेवता बोल.

सांग, लीग पोरांनी काढली नाय, मोठ्यांनी काढली. पोरांना बसवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आमचे पॉइंट कापा म्हणावं. खालच्या गटात टाका. सालभर सगळ्यांची मैदानं झाडायला लावा, झाडू आम्ही. पण पोरांना खेळू द्या. नि जबाबदारी कुणाची विचारलं तर सांग, ज्यानं नारळ घेतला त्याला कायमचा बंद करा. जल्मात मैदानाकडं फिरकू देऊ नका.

व्हय, अगदी हेच शब्द. नारळ घेणाऱ्याला. त्यात कमळाकर पण आला नि मी पण आलो. चालेल मला. कुंपणाबाहेर उभा राहून बघीन जनूला… जा, ताय. देवाची शपथ, जा.

…

…

हॅलो? बोल, बोल!… ऐकलं? सगळ्यांनी?… भावोजींनी मान डोलावली? पोरांवरची बंदी उठली! अगो माझी बाय ती! मला रडायलाच यायला लागलंय…

काय? कमळाकरनं पण पाठिंबा दिला? सगळ्यात आधी?… तो कसा देईल? त्यात तो पण अडकतो की.

नाय अडकत? का?… नारळ दिले त्यानं. घेतला कुठं… व्हय, बरोबर. देणारा तो.

फोटो? कसला फोटो?… मोबाइलवर सगळ्यांना दाखवतोय? कोण हाय फोटोत?

…

ताय, नीट बघितलंस?

नाय. नाय, नाय, नाय! अगो, मी म्हणालो तो नारळ घेणारा मीच! जनूनं नुसता हात पुढं केला. माझे हात रंगात होते म्हणून! परत जा आत, सांग त्यांना…

झाला ठराव? एवढ्यात?… भावोजी काय म्हणाले?

"तुझ्याच भावाचे शब्द हायत."

…

रडू नको गो. तू काय केलंस? मी सांगितलं ते बोललीस. तू रडलीस तर मी काय करू?

जनू? बाहेर हाय, नळावर. बूट धुतोय रविवारसाठी. शीळ घालतोय, ऐकू येतंय तुला?… त्याला काय सांगू मी? बापानंच तुझं नाव दिलं म्हणून सांगू?

ऐक, ऐक. त्यांना उठू देऊ नको. परत चहा टाक. पोहे कर. पोह्यांना कोण नाय म्हणत नाय. मी निघतो. पेणची गाडी मिळंल, पेणहून तुझ्याकडं रोह्याला येतो. सगळ्यांचे पाय धरतो, कमळाकरचे पण.

मूर्ती? समोरच हाय… नाय, एकच झालाय.

राहू दे. राहू दे एकच डोळा. उठलो मी.

कोण आलं? भावोजी?… दे, दे त्यांना फोन. भावोजी, मी महिपती. नारळ माझा हो, जनूचा नाय… भावोजी? हॅलो?

हॅलो?…