मानाचं हेल्मेट

आजच्या कार्यक्रमाचे आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय केशोराव बिसेन, गोंदियाहून खास आलेले प्रमुख पाहुणे आणि शाळेचे दाते नंदलालजी, मुख्याध्यापक महोदय, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले सर्व मान्यवर, खुर्ची न मिळाल्यामुळे खांबाला टेकून उभे असलेले माझे सहकारी, देवरी तालुक्याच्या गावागावांतून आलेले पालक, आणि सतरंजीवर बसून हे भाषण केव्हा संपते याची वाट पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींनो,

तेहतीस वर्षं मी या शाळेत विज्ञान शिकवलं. गेल्या तासाभरात माझ्याबद्दल जे काही बोललं गेलं, ते ऐकून वाटलं की या निर्मलाबाई रहांगडाले कोण आहेत, त्यांना एकदा भेटलं पाहिजे. मी मनमिळाऊ आहे म्हणे. केशोरावसाहेब, मागच्याच महिन्यात तुम्ही मला ‘कटकटी बाई’ म्हणाला होता. खांद्यावर शाल पडली की स्वभाव बदलतो, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. असो. शाल छान आहे, आभारी आहे.

मला बोलायचं आहे ते या टेबलावरच्या काचेच्या पेटीबद्दल. लाल कापडानं झाकलेली आहे ती. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर लगेच लिहिलं आहे, ‘मानाचं हेल्मेट प्रदान सोहळा’. गावाला ही गोष्ट तोंडपाठ आहे, पण पाहुण्यांसाठी सांगते.

चार वर्षांपूर्वी शाळेनं सायकलवर येणाऱ्या मुलींसाठी चाळीस हेल्मेटं घेतली. साधी, स्वस्त, गोंदियाच्या बाजारातली. त्याच पावसाळ्यात आपल्या नीतूला महामार्गावर ट्रकनं कट मारला. पोरगी सायकलसकट उडाली आणि डोकं थेट पुलाच्या कठड्यावर आदळलं. उठली, फ्रॉक झटकला, आणि पहिल्या तासाला हजर झाली. डोक्याला साधं टेंगूळही नाही. आज ती नर्सिंगला आहे.

कोणत्याही शहाण्या गावानं काय केलं असतं? त्या हेल्मेटाचे आभार मानून ते फेकून दिलं असतं. आपण काय केलं? त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, पेपरात फोटो दिला. संस्थेनं त्याच्यासाठी काचेची पेटी बनवली. आणि ठरवलं, की ज्यानं एक जीव वाचवला ते शुभ. तेव्हा दरवर्षी सर्वांत लांबून येणाऱ्या मुलीला ते मानानं द्यायचं. तो पहिला हार कुणी घातला होता, आठवतं का? मी. वर ‘विज्ञान आणि श्रद्धा’ या विषयावर वीस मिनिटं भाषणही ठोकलं होतं. टाळ्या पुष्कळ पडल्या होत्या.

मुलींनो, हेल्मेटात असतं काय? वरून एक पातळ कवच, आत जाड थर्माकोलासारखा थर. डोकं आपटलं की तो थर चेपतो. आपल्या डोक्यानं खायचा मार तो खातो. मुरमुरा मुठीत चुरडला तर पुन्हा फुगतो का? नाही ना? तसंच हे आहे. वरून रंग शाबूत दिसतो, आत जीव उरलेला नसतो. म्हणून एकदा जोरात आपटलं की हेल्मेट बदलायचं. दिसायला कितीही चांगलं असलं तरी बदलायचं. हे सातवीच्या पोरीला कळतं. आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीत मात्र अकरा जण आहेत.

नंदलालजी, तुम्ही मघाशी फार कळकळीनं बोललात. स्वस्त हेल्मेट म्हणजे जिवाशी खेळ, म्हणालात. पुढच्या वर्षी सात-सात हजारांची देतो, म्हणालात. द्या, नाही कोण म्हणतं? पण नीतूचं डोकं वाचलं ते साडेचारशे रुपयांत. आत चाचणी पास झाल्याची चिठ्ठी असेल, डोक्यावर नीट बसत असेल, पट्टा लावलेला असेल, तर स्वस्त हेल्मेट आपलं काम महागड्याइतकंच करतं. वरचे पैसे जातात ते वजन कमी करायला, हवेच्या भोकांना आणि झगमगीत रंगाला. तुमचे चिरंजीव मघा सायकलवरूनच आले. हेल्मेट झकास आहे त्यांचं. हँडलला लटकवलं होतं. हँडलला काही होणार नाही, याची मला खात्री आहे.

स्वस्त ते सगळंच चांगलं, असंही माझं म्हणणं नाही. मंडईत खेळण्यांच्या दुकानावर जे मिळतं, आत चिठ्ठी नाही, दाबलं की करकरतं, ते शेणाच्या पाटीला झाकण म्हणून वापरा. आणि चांगलं असलं तरी आपण त्याचे हाल किती करतो? डब्याच्या सुट्टीत त्यावर बसता. टिनाच्या छपरावर उन्हाळाभर वाळत टाकता. मोहफुलं वेचून आणता त्यातून. सालेकशाकडच्या एका पालकांनी तर त्यात कोंबडी अंड्यांवर बसवली होती. ती कोंबडी तेवढी सुरक्षित होती, एवढं मी लिहून देते. पट्टा विरला, थराला चीर गेली, थर भुसभुशीत झाला, की बदला. काही न होता नीट जपलं तर पाच-सात वर्षं चालतं. पण आपटलं, तर पहिल्याच दिवशी बदला.

साहेब, चिठ्ठी नका पाठवू. दिसतं आहे मला, ‘आवरते घ्या’ लिहिलं आहे. तेहतीस वर्षं आवरतंच घेतलं.

गेल्या वर्षी मानाचं हेल्मेट दीप्ती शहारेला मिळालं. रोज नऊ किलोमीटर जंगलातून यायची. विज्ञानात वर्गात पहिली. याच व्यासपीठावर ते मी माझ्या हातानं तिच्या डोक्यावर ठेवलं, हनुवटीखाली पट्टा मी लावला. जुलैमध्ये ती सायकलचं पंक्चर काढायला फाट्यावरच्या गुलाबभाऊंच्या दुकानात गेली. गुलाबभाऊंनी ते हेल्मेट हातात घेतलं, आत अंगठा दाबून पाहिला, आणि संध्याकाळी दुकान बंद करून माझ्या घरी आले. चौथी शिकलेला माणूस. म्हणाले, “बाई, हे तं मेलं आहे. मेलेल्याले पोरीच्या डोक्यावर काऊन घालून राहिले?”

मी त्यांना चहा दिला. म्हटलं, “बरोबर आहे भाऊ, बघते.”

आणि मी पाहिलं नाही. काचेची पेटी संस्थेनं हौसेनं बनवलेली. साहेबांना वाईट वाटेल. पेपरात फोटो आला आहे. माझं निवृत्तीचं वर्ष, कशाला वाकड्यात शिरा? वर्ष संपलं की गुपचूप बदलून टाकू. असला सगळा भेकड विचार मी केला. मुलांना बाष्पीभवन शिकवत राहिले. गुलाबभाऊ येऊन गेल्यावर सव्वीस दिवसांनी दीप्ती पडली.

ट्रक नाही, महामार्ग नाही. शाळेच्या फाटकासमोरच्या उतारावर, गिट्टीवरून चाक घसरलं. माणूस चालतो त्या वेगानं पडली. नव्या साडेचारशेच्या हेल्मेटानं त्यात हसत मार खाल्ला असता. अकरा दिवस ती नागपूरच्या दवाखान्यात होती. दहावीचं वर्ष बुडालं. डाव्या कानानं ऐकू येत नाही. वाचताना ओळ हरवते तिची. आज पहिल्या रांगेत आईजवळ बसली आहे, म्हणजे माझं बोलणं तिला नीट ऐकू जाईल.

आणि आपण काय म्हटलं? तिची आई नंदाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात माझे हात धरून म्हणाली, “मॅडम, हेल्मेट होतं म्हनून वाचली जी माझी पोरगी.” तिला मी काय बोलणार होते? ती आई आहे, तिला कशाला तरी धरून राहायचं होतं. पण केशोरावसाहेब, तुम्ही बी. ए. आहात. तुम्ही मला म्हणालात, “बाई, दोनदा वाचवलं त्यानं. आता त्याचा मान डबल.” आणि पेटीला तुम्ही दिवा बसवला! साहेब, त्या पेटीला एका पोरीनं कान दिला आहे, आणि तुम्ही त्यात दिवा लावता?

रागावू नका. म्हणजे रागवा, काही हरकत नाही. माझी उद्यापासून पेन्शन आहे.

आज ते अंजू उईकेला द्यायचं ठरलं आहे. तिचं गाव अकरा किलोमीटरवर आहे, आणि हा कार्यक्रम संपला की ती महामार्गावरूनच घरी जाणार आहे. तेव्हा एक गोष्ट कळवते. प्रयोगशाळेची आणि या पेटीची किल्ली आज सकाळपर्यंत माझ्याकडे होती. नोकरीतलं शेवटचं काम म्हणून मी पेटी उघडली आणि प्रयोगशाळेच्या कात्रीनं त्या हेल्मेटाचे दोन्ही पट्टे मुळापासून कापले. आतला थर बोटांनी उकरून काढला. गुलाबभाऊंच्या अंगठ्याचा ठसा त्यात अजून तसाच होता. हेल्मेट कधीही टाकताना असंच टाकायचं असतं, म्हणजे दुसऱ्या कुणी उचलून डोक्यावर घालू नये. साहेब, कापड काढून पाहा. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, मी लेखी कबूल करीन.

अंजू, वर ये बेटा. लाजू नको, ये. हे नवीन आहे, साधंच आहे. आतली चिठ्ठी वाच आधी. वाचलीस? आता वेणी खाली घे, अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही. भुवयांच्या वर दोन बोटं. मागे नको सरकवू. पट्ट्याखाली एक बोट जाऊ दे, जास्त नाही. हं. आता जोरात मान हलव. हललं? नाही ना? जा आता. आणि कधी याच्यासकट डोक्यावर पडलीस, तर दुसऱ्या दिवशी हे घालून शाळेत यायचं नाही. मग ते तुला कुणीही दिलेलं असो.

आता थांबते. संस्थेचे, पाहुण्यांचे, मांडववाल्यांचे, आणि तेहतीस वर्षं मला सहन करणाऱ्या सगळ्यांचे आभार. गुलाबभाऊ, तुम्ही दाराशीच उभे आहात. तुमचे आभार मला वर्षभर आधी मानायला हवे होते. जाताना बोलणाऱ्यानं चुकलंमाकलं पोटात घाला असं म्हणायचं असतं, आणि आज मी बोलता बोलता बऱ्याच जणांचा मान काढला आहे. तो तुम्ही मोठ्या मनानं पोटात घाला.

दीप्ती, तुला मात्र मी हे म्हणत नाही. ते सव्वीस दिवस मला माहीत होतं. तू मला माफ करू नको, बेटा.

नमस्कार.