ओढ्यात राहिलेली ऐरण

ऐका. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

आपला हैबती लोहार त्या दिवशी अंधार पडल्यावर घरून निघाला. सायकलीच्या मागं बापाची ऐरण बांधलेली, पिशवीत हातोडा आणि सांडशी. सगळं तालुक्याच्या भंगारात घालायचं होतं. अंधारात का? लाज, दुसरं काय. गावाचे फाळ जिच्यावर ठोकले ती ऐरण भंगारात जाताना कुणी बघू नये. तसं तुम्ही कशाला बघताय म्हणा. नांगर ट्रॅक्टरचे, खुरपी बाजारची, पत्र्याची, वाकली की उकिरड्यावर. त्याचा भाता थंड पडला तेव्हा तुमच्यापैकी एक तरी विचारायला गेला होता का?

निघताना त्याची बायको हौसाबाई म्हणाली, "ऐरण गेल्यावर तुम्ही कोण उरणार?"

"वॉचमन," हैबती म्हणाला. "पेट्रोल पंपावर. शिट्टी देणारेत."

तर तो उंबरओढ्याच्या वाटेनं गेला. ओढ्यात उतरला आणि हाक आली.

"हैबती, फाळ बोथट झालाय. शेवटून दे, ठोकून टोक काढून."

रानात अंधारात आलेल्या हाकेला ओ देऊ नये. तुम्हाला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक होतं. पण चार वर्षांत त्या माणसाला कुणी कामाची हाक मारली नव्हती. तो म्हणाला, "आण."

संपलं.

वाळूत कोळसे आधीच फुललेले. भाता कुणीतरी ओढत होतं. त्यानं ऐरण उतरवली, फाळ लाल केला, ठोकला. ठण्ण. ठण्ण. हात काही विसरला नव्हता. मग तापलेला फाळ शेजारच्या डबक्यात बुडवला. आणि ऐका, पाणी चरचरलं नाही. वाफ नाही. आवाजच नाही.

हैबती गार पडला. तेवढ्यात एका बाईनं खुरपं पुढं केलं. लोहार माणसाला तोंडावरून ओळखत नाही, अवजारावरून ओळखतो. पातीवर त्याच्याच बापाच्या छिन्नीची खूण. अन्साबाईचं खुरपं. आणि अन्साबाईला जाऊन अकरा वर्षं झालेली.

त्यानं मान वर केली. काठभर रांग. कुऱ्हाडी, कुदळी, विळे. एकेक अवजार त्याच्या ओळखीचं, आणि धरणारा एकही जिवंत नाही. भुतं लोखंडाला भितात म्हणतात. ही कशाला भितील? हातात लोखंड घेऊनच आलेली.

"मला घरी जाऊ द्या," हैबती म्हणाला.

"घरी काय काम आहे?"

काम नव्हतंच. तो ठोकत राहिला. रांग वाढत राहिली. प्रत्येक घावाला ऐरण वाळूत बोटभर खाली, आणि तिच्याबरोबर त्याचे पाय. घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत.

शेवटी त्याला धंद्यातलंच सुचलं. "हे पाणी मेलंय. असल्या पाण्यानं धार टिकत नाही. घरचं पाणी आणतो."

रांगेत कुजबुज झाली. अन्साबाई म्हणाली, "त्याचं खरंय. जा बाबा. ऐरण राहू दे, म्हणजे येशील."

पाय सुटले. तो पळाला, सायकलसुद्धा टाकून.

सकाळी आम्ही सहाजण गेलो. ऐरण वाळूत रुतलेली, तेवढं कपाळ वर. ओढली, खणली. हलली नाही.

तेव्हापासून दिवेलागण झाली की हौसाबाई घरातली कळशी लपवते. कारण हैबतीनं शब्द दिलाय, आणि तो ती कळशी शोधत असतो.

म्हणून सांगतो, उंबरओढ्याच्या वाटेनं जाऊ नका. त्यालाही मी हेच सांगायला गेलो होतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही जात, अण्णा. तुमचं काही शेवटायचं असलं तर द्या."

माझ्या हातात खुरपं होतं. बाजारचं. मी ते पाठीमागं धरलं.