शेवंताचं पोट गप्प झालं

बसा, सरकून बसा. खांबामागच्या बायांनो, गप्पा आवरा जरा, मला एक विचारायचंय. दुखायचं थांबलं म्हणजे माणूस बरा झाला का हो? तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय प्रश्न! बघू.

देवानं मोठं आतडं कसं बसवलंय ते आधी ध्यानात घ्या. उजव्या कुशीत, खाली, एक पिशवी – तिथून सुरुवात. पिशवीला करंगळीएवढं शेपूट, त्याला डॉक्टर अपेंडिक्स म्हणतात. तिथून आतडं वर चढतं, यकृताखाली वळतं, आडवं जातं, डाव्या कुशीनं उतरतं – आणि पुढचं सांगत नाही, तुम्ही आत्ताच पंगतीतनं उठलाय! मधे लहान आतडं, भोवती ही चौकट. अन् सगळं दिवसभर गुरगुरत असतं.

पलीकडच्या गावात भामाबाई होती, पोट चोळणारी. कुणाची बेंबी सरकली की हिलाच बोलावणं. चोळून झालं की पोटाला कान लावायची. गुरगुर ऐकू आली की म्हणायची, ‘बोललं गं पोट, ऊठ.’

एका सकाळी तिचीच सून शेवंता बेंबीपाशी धरून बसली. भामाबाईनं तेल कोमट केलं, चोळायला घेतलं. दुखणं बेंबीवरनं हललं, उजव्या कुशीत खाली गेलं. बाई खूश, म्हणाली पळतंय! अहो, पळतंय कसलं? ते आपल्या मूळ जागी चाललं होतं. त्या शेपटात पू झाला होता. बाईनं तिथंच अंगठा रोवला, दाबलं – आणि दुखायचं थांबलं. एकदम.

शेवंता हसली. शेजारणींनी भामाबाईच्या हाताची वाहवा केली, चहा ठेवला. बाईनं नेहमीसारखा कान लावला.

आत काहीच नाही. गुरगुर नाही, सळसळ नाही. पोट फळीसारखं ताठ, श्वासाबरोबर हलेना. बाईनं कान आणखी दाबून बघितला. आणि कान उचलून, चारचौघींत मान जाऊ नये म्हणून, ती काय बोलली?

‘बोललं गं पोट.’

दुपारभर ती पुन्हा पुन्हा वाकून कान लावत होती. शेवंता म्हणायची, ‘आत्या, उगाच भिताय. मला आता काही दुखत नाही.’ आणि आतून ती शांतता.

उन्हं कलली, दुखणं परत आलं, आता सगळ्या पोटभर. तेव्हा बाईनं लेकाला शेतातनं बोलावून सांगितलं, ‘रंगनाथ, मी खोटं बोलले. पोट बोललंच नव्हतं.’ जीप केली, दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, शेपूट आत फुटलं म्हणून दुखायचं थांबलं, तेव्हाच आणायला हवं होतं. शेवंता गेली. भामाबाई पुढं जगली, पण घरात जरा सामसूम झाली की कान झाकून घ्यायची.

आता तुमचं बघा. पहिल्यांदा कुणाला फसवलंत, तेव्हा आत टोचलं होतं ना? जेवण गेलं नव्हतं. मग कमी झालं. हल्ली काहीच होत नाही, झोपही छान लागते. बरे झालात म्हणता?

टाळ ठेवा खाली. पेटी मिटा. ज्यानं त्यानं आपल्या आत कान लावा, आणि खरं सांगा – काही ऐकू येतंय?