छाती तपासा, घर नको

हॅलो?… हो, पॉलिशचं दुकान. टेबल आहे की कपाट?… कुठून? दवाखान्यातून? समाजसेविका?… हो हो, माझेच वडील. परवा छाती दाखवायला आले होते. बरं, मग?

काय विचारलंत त्यांना?… झोपता कुठे म्हणून? अहो मॅडम, दम्याचा पेशंट आहे, छाती तपासा, औषध द्या, मोकळे व्हा! आमच्या घरात कशाला डोकावता?… हो, माळ्यावर झोपतात. दुकानाच्या वरच. खिडकी… नाही खिडकी. वास येणारच ना थिनरचा! अत्तराचं दुकान आहे का हे?… शटर ओढूनच काम करावं लागतं, ओल्या पॉलिशवर धूळ बसते.

थांबा, थांबा… त्यांनी मागितली? मदत? तुमच्याकडे?… शक्यच नाही. माझ्या बापाने कधी कुणापुढे तोंड उघडलं नाही. तुम्हीच वदवून घेतलं असेल… विचारल्याबरोबर बोलायला लागले? दम लागेपर्यंत?

…

ऐकतोय. बोला… मोकळ्या हवेतली खोली? महिनाभर? वा! आणि लोक काय म्हणतील? पोराने बापाला घराबाहेर काढलं! मला एका शब्दाने बोलले नाहीत ते. दिवसभर समोर असतो मी… हो, नाही विचारलं मी. मग? तुम्ही कोण मला ऐकवणाऱ्या?

धरा फोन. त्यांच्या तोंडूनच ऐकवतो… बाबा! ओ बाबा! खाली या जरा!… हे काय? पिशवी कशाला भरलीत? या बाईंना काय सांगितलंत तुम्ही?… खाली काय बघताय, माझ्याकडे बघून बोला. जायचंय?… खरंच जायचंय?

हॅलो… आहे, आहे मी. जायचंय म्हणतायत. झालं समाधान?… गाडी? कुठे, दारात? म्हणजे शटरबाहेर उभ्या राहून फोन करताय होय! ठरवूनच आलात की सगळं!

नाही, आत यायचं नाही. सांगून ठेवतो, दुकानात पाऊल टाकायचं नाही! माझा बाप आहे, मी आणतो त्यांना… चला बाबा. पायरी बघा. धरा माझा हात… अहो, धरा म्हणतोय ना… काय?… वास येतो?

माझ्या हाताला?

…

हॅलो… मॅडम, शटर वर करतो. तुम्हीच या आत. त्यांना… तुम्ही धरा.