मतभेदासाठी घरचा माणूस

कुणाचे गाईड होऊ नका, सांगून ठेवतो. साक्रीची सुनंदा माझ्याकडे पीएच.डी. करते, विषय खानदेशातली लग्नगीतं. पहिल्या प्रकरणात बाई प्रत्येक अभ्यासकाशी सहमत. मी वैतागलो. म्हटलं, "अगं, हा प्रबंध आहे, सत्कार समारंभ नाही. कुणाचं तरी कुठं चुकलं ते पुराव्यानिशी मांड, नाहीतर मी सही करणार नाही."

पुढच्या आठवड्यात ती नवं प्रकरण घेऊन जळगावला आली. एका लेखकाला तिने असा सोलला होता की वाचतच राहावं. 'लेखक निष्कर्ष अख्ख्या खानदेशाचा काढतात, पण गाणी सगळी फैजपूरच्या आसपासची. साक्रीकडे ते फिरकलेलेच नाहीत.' आणि खाली तिने स्वतः साक्रीकडे जमवलेली गाणी, तो निष्कर्ष पार खोडून काढणारी. मी खूश. कोण हा आळशी म्हणून तळटीप बघितली, तर लेख माझाच.

मुकाट्याने सही केली आणि विचारलं, "एवढ्या अभ्यासकांत तुला मीच सापडलो?"

घाबरली की ती अहिराणीवर येते. म्हणाली, "सर, त्या बठ्ठा, सगळा मोठा लोक शेतस, त्यासले कसं बोलू? तुम्ही ते घरना."