निशानं विचारलेला प्रश्न

ती मुलगी? ती होय — ती आपल्या वर्गातली नाही, मॅडम. म्हणजे चुकून येऊन बसली होती. तुम्ही बसा ना, पंखा लावते. बाकीची समिती प्राचार्यांबरोबर नवीन सभागृह बघायला गेलीय, येतीलच जेवायच्या वेळेला. चहा सांगू? नको? बरं. तुम्ही एवढ्या लांबून आलात, शिकवणं सुधारावं म्हणून विद्यापीठानं जी ग्रँट दिली तिचं इथं काय झालं ते बघायला, आणि नेमकं वर्ग चालू असताना हे असं — प्राचार्य सर बोलले ना तुम्हाला, तिला जरा त्रास आहे, डोक्याचा. तेच ते. तसंच — नाही. नाही, मॅडम. त्रासबिस काही नाही तिला. वेडी नाही हो ती. मी बोलले म्हणून सांगू नका कुणाला, पण ती वेडी नाही.

निशा नाव तिचं. लासूर स्टेशनच्या पलीकडं गाव आहे, रोज रेल्वेनं येते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. म्हणजे — हो, आपल्याच वर्गात. आता निघालं तोंडातून, तर कशाला लपवू. मी दीपमाला, सकाळी राजेंद्र सर शिकवत होते तेव्हा टेबलाशी उभी राहून त्यांना चंचुपात्रं देत होते ना, ती मीच. रसायनशास्त्र शिकवते, तासिकेवर. कायम नाही. ग्रँटचा प्रस्ताव मी लिहिला, नाव राजेंद्र सरांचं आहे — तासिकेवरच्या माणसाचं नाव चालत नाही म्हणे. चालू दे. नावाचं मला काही नाही. पण ग्रँट आहे तोवर हा वर्ग आहे आणि वर्ग आहे तोवर मी आहे, म्हणून सकाळपासून जीव मुठीत धरून उभी होते बघा. आणि आता तुमच्यासमोर बसून मीच... असो.

काय होतं सांगू का, मॅडम, ही मुलं इथं येतात आणि मुकी होतात. सिल्लोडची, गंगापूरची, कुठली कुठली. बारावीपर्यंत मराठीत नाहीतर उर्दूत शिकलेली. इथं पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजी. कळलं का विचारलं की मान हलवतात. काही कळलेलं नसतं. आणि आपण म्हणतो, पोरं मठ्ठ आहेत! निशाचे वडील — कडूबा नाव त्यांचं — सुरुवातीला मला भेटायला आले होते, पायरीशी चप्पल काढून. मी म्हटलं, चप्पल घाला हो काका, तर म्हणाले, "मॅडम, ही पोरगी घरी लई बोलती. गोठ्यात बोलती, सैपाकात बोलती, म्हशीसंग बी बोलती. हितं तिचं तोंड का उघडंना? रडत येती रोज. नसंल जमत तर नेतो मी माघारी." मी म्हटलं, थोडे दिवस द्या मला. त्यांनी दिले, मॅडम. घरच्यांशी भांडून दिले. तिच्या आत्याचं म्हणणं होतं, दिली तेवढी शाळा बस झाली, आता पोरीचं बघा. तर कडूबाकाका म्हणाले होते, शिकवणारी बाई म्हणती पोरगी हुशार हाय, तर हुशारच हाय. एवढ्या एका शब्दावर ती येतेय.

तर ग्रँट अशासाठी मागितली होती की पोरांना बाकावर बसवायचंच नाही. टेबलाभोवती बसवायचं, प्रत्येकाच्या हातात नळी, प्रत्येकाच्या हातात बर्नर, आणि बोलायचं. आपापल्या बोलीत. हसणाऱ्यानं बाहेर जायचं, एवढा एकच नियम. सिल्लोडची एक पोरगी दखनीत सांगायची — "मॅडम, नमक तो दिखताच नै, पर गया किधर, पानीमेंच हैना?" — आणि त्यावरनं सगळा वर्ग अर्धा तास भांडला. मीठ गेलं कुठं! भांडू दिलं मी. शिकवणं म्हणजे दुसरं काय असतं? मग हळूहळू इंग्रजी शब्द त्यावर चढवायचे, अंगरख्यासारखे. निशा दिवाळीपर्यंत गप्प होती. मग एक दिवस हात वर केला. पुंडलिकनगरला घरी गेले तर आई विचारते, काय गं, लग्न ठरलं की काय कुणाचं, एवढी कशानं फुलली? मी म्हटलं, आई, एक पोरगी बोलली.

मग तुमच्या समितीचं पत्र आलं. आणि प्राचार्य सरांना घाम फुटला. ही पोरं समितीसमोर अशी बोलणार? 'व्हय' आणि 'नाय' करणार? नाक कापतील म्हणाले. तर पहिल्या वर्षाला सुट्टी दिली आज. सकाळी तुम्ही ज्यांना बघितलं ना, टाय-बिय लावलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी — ती एम.एस्सी.ची मुलं आहेत, मॅडम. दुसऱ्या वर्षाची. त्यांना सगळं पाठ करायला लावलं होतं, प्रश्नसुद्धा. राजेंद्र सर विचारणार, ती उत्तर देणार. धडा पाण्याच्या कठीणपणाचा... अरे देवा. हे मला सांगायचं नव्हतं. हे नव्हतं सांगायचं. तुम्ही लिहून घेताय का? नका ना. घ्या. काय करायचं ते करा आता.

मग ती कशी आली म्हणता? आली ना. तिला सुट्टीचं — मीच सांगितलं तिला, ये म्हणून. काल व्हरांड्यात गाठून सांगितलं. माझं डोकं फिरलं होतं. वाटलं, एक तरी खरी पोरगी असू दे वर्गात. तुम्ही बघावी. म्हटलं, मागं बस, आणि वाटलं तर विचार. माझ्या भरवशावर उठली ती, मॅडम. सगळं पाठांतर छान चाललेलं, आणि मागून उठून म्हणते — तुम्ही ऐकलंच — "सर, आमच्या बोअरचं पाणी काचेवानी नितळ दिसतं. पर तापवलं का पातेल्याच्या बुडाला दगड बसतो. तर तो दगड आधीच पाण्यात व्हता, का जाळानं तयार झाला?" याच्यापेक्षा चांगला प्रश्न कोण विचारील हो त्या धड्यावर? सगळा धडाच तो आहे! आणि राजेंद्र सर बघतायत प्राचार्यांकडं, प्राचार्य बघतायत तुमच्याकडं, एम.एस्सी.ची पोरं हसली — हसली ती! — आणि प्राचार्य सर म्हणाले, "सॉरी हं, या मुलीला जरा मानसिक प्रॉब्लेम आहे." आणि मी? मी चंचुपात्र पुसत होते. कोरडंच होतं ते. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मला वाटलं ती रडेल. रडली नाही. बसली पण नाही. शिपायानं हाताला धरून नेलं, तोवर उभी होती.

तिला तिकडं ऑफिसमागच्या खोलीत बसवलंय. मघाशी जाऊन आले, तर बाहेरून कडी, आणि शिपाई म्हणतो, प्राचार्य सरांचा हुकूम आहे, तुम्ही जा मॅडम. प्राचार्यांनी वडलांना फोन लावलाय. "मुलीची तब्येत बरी नाही, डोक्यावर परिणाम दिसतो, घेऊन जा" — असा. तुम्हाला खेडं माहीत नाही, मॅडम. तसा तो माणूस चांगला आहे, पण तो एकटा थोडाच येणार आहे? भाऊ येतील, जीपवाला येईल. प्राचार्यांच्या तोंडचं म्हटल्यावर तो शिक्का झाला. संध्याकाळी गावभर होईल. कॉलेज तर सुटलंच, पण पुढं? जन्मभर ती 'डोक्यानं गेलेली'. एका प्रश्नापायी.

म्हणून म्हणते — तुमच्या पाया पडते, मॅडम, खरंच पडते — नका उठवू मला — तुम्ही फक्त एवढं म्हणा, त्या मुलीला भेटायचंय मला. तुम्ही म्हणालात तर सरांना नाही म्हणता येणार नाही. तिच्या बापासमोर एकदा म्हणा की प्रश्न चांगला होता. बस. ग्रँट बंद करा हवी तर. वर्ग बंद पडेल, पडू दे... नाही, पडू नये हो, बाकीची पोरं आहेत — पण — मला नाही माहीत. मला काही सुचत नाही. अहवालात काय लिहायचं ते लिहा. मॅडम?

नियम? कसले नियम? ... समितीनं कॉलेजच्या अंतर्गत बाबीत पडायचं नसतं... हो. हो, कळलं. तुम्ही फक्त वर्ग बघायला आलात. बरोबर आहे तुमचं. चुकीचं कुठं आहे त्यात.

आले वाटतं सगळे, प्राचार्य सर पुढं. या, सर. नाही, मॅडमना काही त्रास दिला नाही. सर, थांबा जरा. मी मॅडमना सगळं सांगितलंय. एम.एस्सी.च्या मुलांचं पण सांगितलं. ओरडू नका, सर, समिती आहे. खाली जीप लागलीय, तिचे वडील उतरतायत, इथून दिसतायत मला. त्यांना तुमच्याआधी मी भेटणार आहे. त्या पोरीला उत्तर पण द्यायचंय, कुणीच दिलं नाही.

सरका, सर. तुम्ही जेवून घ्या, मॅडम. पान वाढलंय.