डाव्या हाताची पात

लिहा, पण मी सांगतो तसंच लिहा, त्यात आपल्या मनाचं गोड घालू नका. मागं एक बाई आली होती, फोनात बोलणं भरून घेऊन गेली अन् कुठंतरी छापून आणलं, जिद्दीची आजी म्हणून. मी आजी आहो माह्या नातवाची, तिची नाही. अन् जिद्द काय असते मले ठाऊक नाही, मले राग ठाऊक आहे, तो लिहायचा असंल तं बसा, नाहीतर चहा पिऊन निघा.

माहेर माहं नवेगाव बांधाकडचं. बाप जंगलकामाले जाये, माय दुसऱ्याच्या वावरात रोवणीले, म्हणजे धानाचं रोप लावाले जाये. मी चौथीपर्यंत शाळेत गेली, गुरुजीनं घरी येऊन सांगितलं पोरगी हुशार आहे, मायनं म्हटलं हुशार आहे तं रोवणी लवकर शिकंल, अन् दुसऱ्या दिवशी घेऊन गेली चिखलात. खोटं नाही सांगत, लवकर शिकली. माही माय प्रेमानं शिकवणारी नव्हती, रोप वाकडं लागलं की ओली पेंडी पाठीवर मारे, तिच्या माराचा चटका असा की अजून पाठ ओली झाली तं मी मागं पाहतो. मंग लग्न होऊन गोरेगावकडं या गावात आली, तेथीही तेच काम. नवरा लवकर गेला, त्याचं सांगण्यासारखं काही नाही.

तुम्हाले भात ताटातला ठाऊक, म्हणून सांगून ठेवतो. बांधी म्हणजे आमच्याकडं धानाचं वावर, चारी बाजूनं पार, म्हणजे मातीचा बांध घातलेली, आत पाणी अन् चिखल. बाया ओळीनं वाकतात, एकेकीची एकेक पात, म्हणजे तिच्या वाट्याची पट्टी. डाव्या हातात रोपाची पेंडी धरायची, उजव्या हातानं दोन-तीन काड्या ओढायच्या, अंगठ्यानं मुळं चिखलात दाबायची अन् मागं सरकायचं. लहान लेकराले समजते. हाताले समजाले वर्षं जातात. मूळ सरळ अन् बेतानं गेलं पाहिजे, उथळ लागलं तं रात्री पाणी चढते अन् सकाळी रोप वर येऊन तरंगते, अन् मंग पारीवर उभं राहून कोणीही सांगते की ही पात कोणाची होती. बाकी गावात खोटं बोलून निभते, बांधीत निभत नाही. माही पात कधी तरंगली नाही. माह्या बाजूची पात कोणी घेत नसे, कारण मी पुढं निघून जाये अन् बाजूची बाई मागं दिसे. मी थांबत नव्हती कोणासाठी. काऊन थांबू?

मंग हात गेला. थ्रेशरमध्ये. धान टाकता टाकता पदर ओढला गेला की बांगडी अडकली, मले आठवत नाही, अन् दोष कोणाचा ते विचारू नका, मशीन चालू होती, हात माहा होता. उजव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला, एकटाच, आता तो कोणाले धरणार? डॉक्टर म्हणे आजी जीव वाचला. मी म्हटलं मले जीव नाही, हात पाहिजे होता. तो पोरगा डॉक्टर बिचकला, मंग आलाच नाही माह्या खाटेजवळ.

घरी आणलं तं अख्खं गाव पाहाले आलं. काय सांगू तुम्हाले, शिव्या सहन होतात मले, जन्मभर खाल्ल्या अन् दिल्या, पण ते च्च च्च सहन होत नाही. ज्या बाया माह्या बाजूची पात घेत नव्हत्या, त्याच माह्या खाटेवर बसून माह्या केसांवरून हात फिरवून राहिल्या. सून ललिता घास भरवाले आली, मी वाटी ढकलून दिली, वरण भिंतीले लागलं. पोरगा म्हणे माय, लगित केलं, खूप झालं, आता बसून राय. तुम्हाले चांगलं वाटते हे ऐकाले, होय ना? पण बसलेली म्हातारी बुडी कशी असते मी पाहिली आहे. कोंबड्या हाकलते, दार राखते, अन् घरातले तिच्यासमोर तिच्याचबद्दल बोलतात जशी ती खाटेचा पाय आहे. मले बांधीत जायचं होतं. मले दुसरं काही येत नाही अन् दुसरं काही पाहिजेही नव्हतं. पुढची रोवणी लागायच्या आत डाव्या हाताले शिकवायचं, नाहीतर खाट. एवढंच होतं.

लोक म्हणतात हात तो हात, एक गेला तं दुसरा करते. नाही करत. हा डावा जन्मभर पेंडी धरून उभा होता, उजव्यानं काम केलं अन् यानं पाहिलं, अन् पाहून काहीच शिकला नाही. घराच्या मागं न्हाणीचं पाणी जाऊन चिखल होते, तेथी मी गवताच्या काड्या घेऊन रोवून पाहाले लागली. पेंडी उजव्या काखेत दाबायची, तं खाली पडून इस्कटे. काडी डाव्या हातानं धरली की चार येत, नाहीतर एकही नाही. अंगठा दाबाले जाये तं मूळ दुमडून वर येई. वाटे हा हात माहा नाहीच, कोणाचा तरी उसना आणून लावला आहे. मी त्याले मारलंही, भिंतीवर आपटला, मंग दोन्ही हात दुखले अन् काम त्या दिवसापुरतं बुडालं.

शेजारीण कुंपणावरून पाहे. म्हणे काय वो मावशी, गवताची शेती करून राहिली? मी म्हटलं तुह्या नवऱ्याले वाढीन ताटात. रोवलेलं गवत त्याच संध्याकाळी म्हैस खाऊन गेली. पोरगा म्हणे गावात हसून राहिले लोक, बंद कर. मी म्हटलं लोक हसतात मले, तुले काऊन झोंबते?

पण खरं विचाराल तं मलेही वाटत होतं नाही होत. असं नाही की मी रोज उठून मोठी उमेद घेऊन जाये. रोज जाये अन् रोज वाटे की बुडे, तुह्याच्यानं होत नाही, उगाच चिखल तुडवून राहिली. एक दिवस पेंडी पडली, उचलाले वाकली तं तोल गेला अन् मी बसलीच त्या चिखलात, न्हाणीच्या पाण्यात, साबणाच्या फेसात, अन् उठली नाही. म्हटलं झालं. खाट तं खाट. तेवढ्यात ललिता आली, तिनं काही वाईट म्हटलं नाही, पोरगी स्वभावानं बरी आहे, ती म्हणे, माय, उठा, कायले करता, मी करतो ना सगळं. मी करतो ना. तिचे दोन हात अन् दहा बोटं पाहून माह्या डोक्यात अशी आग गेली की मी उठली. तिच्यावर राग करायचं कारण नव्हतं, तरी केला. तिनंही मंग चार दिवस बोलणं टाकलं माह्याशी, ते बरं झालं, मधात कोणी येत नव्हतं.

मंग एक गोष्ट कळली, कशी कळली ते सांगता येत नाही. मी डाव्याले उजव्यासारखं वळवून राहिली होती. उजवा जसा बाहेरून आत येई तसाच हाही यावा म्हणून मनगट मोडून राहिली होती. ते सोडलं. पायच उलटे टाकले, उजवा मागं, डावा पुढं, अंगच फिरवलं, अन् काडी अंगठ्यानं नाही तं मधल्या बोटानं दाबली. काडी उभी राहिली. वाकडी, पण उभी. मले आनंद-बिनंद झाला नाही, मले राग आला की इतके दिवस हे काऊन नाही सुचलं.

रोवणी लागली. गावातली टोळी कौतिकाची. कौतिका माही चुलत जाऊ, माह्याहून लहान, मालकाशी बोलून वावर हुंड्यानं घेते, म्हणजे पुऱ्या बांधीचे ठरलेले पैसे, लवकर सरली तं सगळ्यायचा फायदा, एक जण मागं राहिली तं सगळ्यायचं नुकसान. मी पहाटे पारीवर जाऊन उभी राहिली. ती म्हणे बाई, तू पेंड्या वाट. मी म्हटलं पेंड्या पोरं वाटतात. ती म्हणे हुंडा आहे, तुह्यापायी बाकीच्यायनं काऊन मरावं. खरं होतं तिचं. खरं होतं म्हणून जास्तच राग आला. मी चिखलात उतरली अन् मधातली पात धरली. ललिता माह्या बाजूले होती, तिनं मान वर केली नाही.

मागं पडली मी. पडणारच होती. अन् मंग त्यायनं मले कोंडलं.

कोंडणं म्हणजे आमच्या टोळीतली मस्करी आहे. नवीन सून रोवणीले आली अन् मागं पडली की दोन्ही बाजूच्या बाया आपल्या पाती तिच्या मागून वळवून जोडून टाकतात. ती मधात उघड्या चिखलाच्या तुकड्यात उभी, चारी बाजूनं लावलेलं धान, पाय कुठं ठेवंल? लावलेलं तुडवलं तं मालक शिव्या देते. मंग तिनं टोळीवालीले हाक मारायची, सोड वो बाई, म्हणायचं, सगळ्या हसतात, टोळीवाली येऊन हात धरून बाहेर काढते. मीच किती सुनायले कोंडलं आहे, हसून हसून पोट दुखे. बुडीले कोणी कोंडत नाही पण. ते मस्करीचं नव्हतं. ते सांगणं होतं की हाक मार, हात धरतो, अन् उद्यापासून घरी राय.

त्या सगळ्या पारीवर जेवाले बसल्या. मी मधात. कौतिका भाकर खाता खाता माह्याकडं पाहून राहिली होती, हाकेची वाट. ललिता जेवली नाही, डबा उघडून बसली नुसती, म्हणे माय, म्हणा ना एकदा, काय जाते. मी म्हटलं तू जेव.

माह्या तुकड्यात पेंड्या पडल्या होत्या. मी तो तुकडा भरला. डाव्या हातानं, उलट्या पायानं, जसा येत होता तसा. भरला तं उभं राहाले जागा उरली नाही. मंग मी पाय मागं टाकला, लावलेल्या धानात. पाय टाकला, काढला, खड्डा झाला, तो हातानं सारखा केला, तुडवलेल्या काड्या उचलल्या, पुन्हा लावल्या. मंग दुसरा पाय. त्यायचं धान मी तुडवलं अन् त्यायचंच धान मी लावत निघाली, मागं मागं, पारीकडं पाठ करून. त्यायचं जेवण झालं, त्या दुसऱ्या बांधीत उतरल्या, गाणं म्हणून राहिल्या, मी अजून त्याच बांधीत. कंबर गेली, काखेत पेंडीची धार लागून कातडी निघाली. मध्ये मध्ये वाटे हाक मारून टाकावं, आता कोण ऐकते. पण ऐकाले मी होती ना. दिवस कलला तेव्हा टाच पारीले लागली. कोणी पाहालेही नव्हतं.

पण ते काही नाही. कोणीही चिखलात काड्या खोचते. खरं सकाळी.

सकाळी मी लवकर गेली, तं कौतिका माह्या आधी पारीवर उभी. तीही तेच पाहाले आली होती. पाणी चढलं होतं. माह्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात झुपकाभर रोपं वर आली होती, तरंगून एका जागी जमली होती. मले वाटलं खाली बसावं. पण बाकी उभं होतं. अन् मी ज्या वाटेनं निघाली ती वाट, सापासारखी वाकडी, पण एक काडी सुटली नव्हती.

कौतिकानं कोपरा दाखवला. म्हणे, लाव.

मी उतरली, तरंगलेली रोपं धरली अन् लावली. ती वाकून माह्या हाताकडं पाहे, एकटक, जसं कोणी नवीन अवजार पाहते. म्हणे, मधल्या बोटानं दाबते?

मी म्हटलं, उजव्यानं जमंल तेव्हा अंगठ्यानं दाबीन.

ती हसली नाही. म्हणे, आजही मागं राहशील, बाई.

राहीन.

मंग आजही कोंडू.

कोंड, मी म्हटलं. हाक मारणार नाही.

ती म्हणे, मधातली पात नाही देत. काठाची घे, पारीजवळची, तेथी तुह्यानं कोणी अडत नाही. अन् गेली पुढं. एवढंच झालं, याच्यावर काही झालं नाही. कोणी गळ्यात पडलं नाही, मीही पडू दिलं नसतं. त्या दिवशी त्यायनं पुन्हा कोंडाले पाहिलं, पण एका बाजूले पार होती, माह्या अन् पारीच्या मधात वळवून आणलेली एकच पात तुडवून बाहेर निघाली, ललिताचीच होती, ती चिडली अन् मले तोंडावर बोलली. मले बरं वाटलं. कितीतरी दिवसानं कोणी मले नीट शिवी दिली होती.

आता किती रोवण्या झाल्या त्यावर. हात सुधारला, पण पहिल्यासारखा नाही अन् होणारही नाही, मी स्वतःले फसवत नाही. अजूनही रोज संध्याकाळी वाटते सकाळी तरंगून दिसंल, अन् कधी कधी दिसतेही, मंग उतरून पुन्हा लावतो. कौतिकाचं अन् माहं आजही पटत नाही, पटवायचंही नाही, तिच्या गुडघ्याचं दुखणं मले दिसते अन् मी विचारत नाही, तिले माहं विचारलेलं आवडणार नाही. तुम्ही दोन्ही हातांनी लिहिता की एका? एकानंच. देव तो तुमचा शाबूत ठेवो, दुसऱ्याले शिकवण्याची पाळी कोणावर न येवो, फार घाण काम आहे ते.

पाऊस लागला की मी पहाटे पारीवर जाऊन उभी राहतो. ये म्हणून कोणी निरोप देत नाही, जा म्हणूनही कोणी म्हणत नाही. सगळ्या बाया उतरतात, आपापली पात धरून वाकतात, अन् काठाची एक रिकामी राहते.